सोसणारी मिरची

प्रयोगशाळेतल्या यंत्राने दिलेला आकडा उन्नतीने पुन्हा पुन्हा तपासला होता. नमुने बदलून, रसायनं नवी घेऊन, एकदा तर शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडून करून घेऊन. आकडा हलला नाही.

शुक्रीच्या दारातल्या मिरचीच्या पानांत विषाणू होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. कोकडा रोग होऊन वाटीसारख्या आखडलेल्या पानांत जितका सापडतो, तितकाच होता. फरक एवढाच की शुक्रीचं झाड हिरवंगार होतं आणि वर्षभर मिरच्या देत होतं.

उन्नतीची पीएच.डी. या झाडावर उभी होती. मिरचीला रोगाची चाहूल कशी लागते आणि ती त्याला कशी अडवते, हा तिचा विषय. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून तिने गावठी मिरचीचं बी गोळा केलं, विद्यापीठाच्या जाळीघरात रोपं केली आणि त्यांच्यावर रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माश्या सोडल्या. बाकीची सगळी रोपं आखडली. कासा गावाच्या पलीकडच्या पाड्यावरून, शुक्रीकडून आणलेलं बी तेवढं टिकलं. सुरुवातीची वर्षं रोगाचे गुण डोळ्यांनी पाहूनच द्यायचे होते. पान सरळ असलं तर शून्य, पार आखडलं तर पाच. शुक्रीच्या रोपांना शून्य मिळत गेलं. विषाणू मोजायची रसायनं मंजूर होऊन हाती येईपर्यंत प्रबंधाच्या शीर्षकात ‘प्रतिकार’ हा शब्द बसून गेला होता.

प्रतिकार करणारं झाड रोगाला आत वाढू देत नाही. हे झाड वाढू देत होतं. फक्त कण्हत नव्हतं.

“सहनशीलता हाही निष्कर्षच आहे,” तिचे मार्गदर्शक फोनवर म्हणाले. त्यांचाही आवाज दमलेला होता. “शीर्षक बदलायचं म्हणजे पुन्हा समितीपुढे जावं लागेल.”

“हो, सर.”

“लांबणार हे घरी सांगितलंस?”

“अजून नाही.”

“सांग. आणि मूळ झाडाचं बी आणून ठेव. पाड्यावर मात्र इतक्यात काही बोलू नकोस. शेतातला पुरावा आपल्याकडे नाही.”

त्यांचं चूक नव्हतं. पुरावा नव्हता. पण दिवाळी जवळ आली होती आणि चिमीची रोपं लावायला झाली असणार, हे उन्नतीला माहीत होतं.

चिमी शुक्रीची शेजारीण. दोघींच्या परसांत एक कारवीचं कुंपण. चिमी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मिरची लावायची आणि संक्रांत येईतो तिच्या वाफ्यात कोकडा व्हायचा. उन्हाळ्यात पाड्यावरची सगळी मिरची वाळून जाई. शुक्रीचं झाड तेवढं भांडी घासायच्या पाण्यावर उभं राही. म्हणजे विषाणूलाही उन्हाळा काढायला एक घर मिळत होतं. नवी रोपं आली की पांढरी माशी या झाडावरून उठून त्यांच्यावर जाऊन बसत असणार. हे सुचायला फार हुशारी लागत नव्हती. उन्नतीला सुचलं नव्हतं, कारण ती त्या झाडाकडे निरोगी म्हणून बघत आली होती.

पहाटे बोर्डीच्या घरून निघून, डहाणूला बस बदलून ती चारोटीला उतरली. कासाकडच्या जीपमध्ये तिला सुक्या बोंबलांच्या टोपलीशेजारी जागा मिळाली. ती बसल्या बसल्या झोपली. पाडा आल्यावर कोणीतरी तिला हलवलं.

चिमी वाफ्यात खड्डे घेत होती. रोपं ओल्या गोणपाटाखाली झाकलेली होती.

“शुक्रीबाय, तुझी डाक्टरीण आली गो,” ती कुंपणावरून ओरडली. “झाडाला ताप आला काय?”

“तू तुझ्या झाडांचं बघ,” शुक्री दारातून म्हणाली. “त्यांना बसल्या जागेवरनं उठता येत नाय.”

“कशी उठतील? तुझी मिरची माझ्या मिरच्यांच्या वाटचं खाते.”

हे बोलणं जुनं होतं. पूर्वी एकदा उन्नतीने मधे पडून चिमीला समजावलं होतं, की या झाडाला रोग ओळखता येतो, म्हणून ते वाचतं, तुमच्या झाडांशी त्याचा काही संबंध नाही. शुक्री तेव्हापासून हे वाक्य जपून वापरत असे.

“मावशी, आत बसू या,” उन्नती म्हणाली.

शुक्रीने चहा ठेवला. उन्नतीने सगळं सांगितलं, जमेल तितक्या साध्या शब्दांत.

“तूच सांगत होतीस, झाड हुशार हाय.”

“सांगत होते. चुकलं माझं.”

“मग आता काय, येडं झालं?”

“वेडं नाही. त्याला रोग झालेलाच आहे. ते दाखवत नाही. सोसतं.”

“सोसतंय तर सोसू दे. तुझं काय दुखतं?”

“त्याच्यावरची माशी चिमीच्या रोपांवर जाते.”

शुक्रीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “म्हणजे ती भवानी खरं बोलत होती.”

“खाण्याचं नाही. पण तिच्याकडे रोग इथून जातो, असं मला वाटतं.”

“वाटतं?”

“खात्री करायला अजून दोन वर्षं लागतील.”

“मग दोन वर्षांनी ये.”

उन्नतीकडे आणखी मुद्दे होते, पण ते मांडायचं बळ नव्हतं. बाहेर कुदळीचा आवाज येत होता.

“ती आजच लावतेय,” उन्नती म्हणाली.

“दिसतं मला.” शुक्रीने कपात चहा ओतला. “तिला सांगितलंस?”

“नाही. झाड तुमचं आहे.”

“मीच सांगते. तुझ्या तोंडून ऐकलं तर पाडाभर सांगत फिरेल. माझ्या तोंडून ऐकलं तर...” तिने जरा विचार केला. “तरी फिरेल.”

ती कुंपणाशी गेली. “चिमी, थांब. लावू नको.”

“का? तुझी परवानगी लागते?”

“माझ्या झाडाला रोग हाय. तुझ्याकडं इथनंच जातो. ही सांगते.”

चिमी हसेल असं उन्नतीला वाटलं होतं. चिमी हसली नाही. ती हातातली माती झाडत उन्नतीकडे बघत राहिली.

“त्या वेळी बोललीस, काय पण संबंध नाय.”

“बोलले होते.”

“मी दर साल बी बदललं. माती बदलली. कासाच्या बाजारातनं औषध आणून मारलं. नवरा बोलायचा, तुझा हातच वाईट.”

उन्नतीने मान खाली घातली नाही. तेवढं तिने केलं. “झाड काढावं लागेल,” ती म्हणाली.

“मी नाय उपटणार,” शुक्री उन्नतीला म्हणाली. “तू उपट. मला ते बघायचं पण नाय.”

पण ती गेली नाही. झाड हलवलं की माश्या उडतील, आधी ते झाकायला हवं, असं उन्नतीने सांगितल्यावर आतून जुनं लुगडं घेऊन आली. सकाळ अजून गार होती, माश्या पानांखाली जड होऊन बसल्या होत्या. उन्नतीने आधी बियांसाठी लाल मिरच्या अलगद काढल्या. मग चिमी कुंपणाच्या फटीतून अलीकडे आली आणि तिने न सांगता लुगड्याचं दुसरं टोक धरलं. दोघींनी झाड गुंडाळून बांधलं. उन्नतीने खोड कोयत्याने कापलं.

“बांधलेलंच उन्हात ठेवा, आत माश्या मरतील. उद्या सोडा, मिरच्या तोडून घ्या आणि झाड जाळा.”

“मिरच्या खायच्या?” शुक्रीने विचारलं.

“खा. माणसाला काही होत नाही.”

“अर्ध्या माझ्या,” चिमी म्हणाली.

“तुझ्या कसल्या?”

“इतकी वर्षं तुझा रोग पोसला तो फुकट?”

शुक्रीने गाठोडं उचलून अंगणात, उन्हाच्या जागी नेलं. “ये उद्या. पण मोजून देईन.”

“आता कोकडा येणार नाय ना?” चिमीने उन्नतीला विचारलं.

“कमी येईल.”

“कमी म्हणजे किती?”

उन्नतीने आजूबाजूला पाहिलं. बांधावर रानतण माजलं होतं, त्यातल्या कशाकशात हा विषाणू राहतो ते अजून कोणी नीट तपासलेलं नव्हतं. खालच्या पाड्यावर टोमॅटो होते, त्यांच्यातही तो राहू शकत होता.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

चिमीने परत जाऊन रोपांवरचं गोणपाट सारखं केलं. “किती दिवस थांबू?”

“आठवडाभर तरी. उरलेल्या माश्या मरेपर्यंत.”

“सुकतील.”

“पाणी मारत राहा.”

खोड जमिनीत राहिलं तर पुन्हा फुटणार होतं. उन्नतीने शुक्रीकडून कुदळ मागून घेतली आणि बुंध्याभोवती खणायला सुरुवात केली. माती भांड्यांच्या पाण्याने चिकट झाली होती. कितीतरी वर्षांचं मूळ होतं, भांडी घासायच्या दगडाखाली शिरलेलं. शुक्री जरा वेळ बघत उभी राहिली, मग तिने तो दगड हलवायला हात लावला.