चार बोटे उंची

मी एक जुना, काळा, उंच टाचांचा जोडा आहे. जोडा म्हटले की दोघे आले. आम्हीही दोघे आहोत, डावा आणि उजवा. मात्र मित्रांनो, तुमच्याशी बोलतो आहे तो मी, डावा. उजव्याला लाज वाटते. तशी ती मलाही वाटते. पण त्याच्या आयुष्यात एक दिवस असा येऊन गेला, की तेव्हापासून तो गप्पच झाला.

आमचा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लाकडी साच्यावर कातडे ताणून आम्हाला आकार दिला, घोट्याशी बांधायला नाजूक पट्टा शिवला आणि टाचेच्या पोटात लोखंडी कांब घातली. टाच चार बोटे उंच, आणि खाली इतकी निमुळती की जमिनीला टेकायला शर्टाच्या बटणाएवढीच जागा. कारागिराने आम्हाला तळहातावर तोलून पाहिले आणि शेजारच्याला म्हणाला, "हे बघायचं काम आहे, चालायचं नाही."

वहाण, आणि चालायच्या कामाची नाही! पोहता न येणाऱ्या माशाला काय वाटेल, तेच मला वाटले.

पुढे आम्हाला दुकानाच्या काचेत मांडले. मी काचेला लागून होतो, म्हणून माझी एक कड उन्हाने विटून तपकिरी झाली. मुली आत येत, आम्हाला पायांत घालत, आरशासमोर दोन पावले टाकत, एकमेकींच्या अंगावर कोसळत हसत आणि आम्हाला परत ठेवून देत. आपण हसण्यासाठीच केलेली वस्तू आहोत, अशी माझी खात्री होत चालली होती.

एका दुपारी एक ठेंगणी बाई दुकानात आली. वय चाळिशीच्या पुढचे, पायांत सपाट चपला. बरोबर तिची कॉलेजात जाणारी लेक, आईपेक्षा चांगली वीतभर उंच. बाईने थेट आमच्याकडे बोट दाखवले.

"ताई, रोजच्या वापराचे तिकडे आहेत," दुकानदार म्हणाला.

"मला रोजच घालायचेत. सगळ्यात उंच हेच ना?"

"आई, अगं पडशील!" लेक दबक्या आवाजात म्हणाली. "आणि सगळे बघतायत."

"बघू देत. बघावं म्हणूनच तर घेतेय."

मित्रांनो, यापुढे मी त्या बाईला आईच म्हणणार आहे. त्या घरात माझ्या कानांवर सारखे येणारे तिचे नाव तेच.

आई एका मोठ्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होती. तळघरातल्या खोलीत बसून ती वर्षानुवर्षे एकाच गोड आवाजात बोलत आली होती. "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" आणि मग, "कृपया थांबा, जोडून देते." आता ती खोली बंद होणार होती. फोन आपोआप जोडले जाणार होते. मॅनेजरने तिला महिनाभर वर रिसेप्शनवर उभे करून पाहायचे ठरवले. जमले तर नोकरी राहील, नाही तर घरी. आणि घरात मिळवणारी ती एकटीच होती.

अडचण एवढीच, की रिसेप्शनचे काउंटर उंच माणसांसाठी बांधलेले होते. पहिल्याच दिवशी एक पाहुणा काउंटरवर कोपर टेकून ओरडला, "अहो, इथे कोणी आहे की नाही?" आई त्याच्यासमोरच उभी होती. मग कोणीतरी तिला पायांखाली घ्यायला लाकडी खोके आणून दिले. त्यावर ती बरोबर दिसे, पण मागच्या फळीवरची किल्ली काढायला उतरली की नाहीशी होई. ते पाहून एक चिमुरडी किंचाळली, "बाबा, ती बाई बुडाली!" अख्खी लॉबी हसली. आईही हसली. हे सारे तिने घरी लेकीला सांगितले तेव्हाही ती हसतच होती. फक्त सांगताना भांड्यांच्या फळीकडे बघत होती.

घरात एक अरुंद पॅसेज होता. तिथे आमची शाळा भरली. सरावाच्या पहिल्याच संध्याकाळी मी आईला चावलो. आम्हाला दात नसतात, तरी लोक म्हणतात ते खोटे नाही, जोडा चावतोच. तिच्या टाचेवर टपोरा फोड आला आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. लेकीने उपाय सांगितला. जाड मोजे घालून आम्हाला पायांत चढवायचे आणि नुसते बसून राहायचे, म्हणजे कातडे सैलावते. आई तशी बसून भाजी निवडू लागली.

चालणे मात्र जमेना. लेक पॅसेजच्या टोकाला उभी राहून सूचना देई.

"आधी टाच, मग चवडा. पाऊल लहान टाक. खाली काय बघतेस? समोर बघ, माझ्याकडे."

"तुझ्याकडे बघितलं की तू दात काढतेस."

"अगं, गुडघे किती वाकवतेस! चोर चालल्यासारखी दिसतेस. चालता येईना, पॅसेज वाकडा!"

"हस हस. तू पहिल्यांदा चाललीस तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या."

एका संध्याकाळी दार वाजले. खालच्या मजल्यावरचे काका आले होते. आईने चटकन आम्हाला पायांतून काढले आणि पाठीमागे लपवले.

"वहिनी, रोज संध्याकाळी काय ठोकता हो?"

"खिळे," आई म्हणाली.

"एवढे? मग भिंत आहे ना शिल्लक?"

दुसऱ्या दिवशी काका ड्रिल मशीन घेऊनच हजर झाले. "बाजूला व्हा. काय ती भोकं एकदाच पाडून देतो." आता कुठेतरी बोट दाखवणे भाग होते. आईने पॅसेजच्या भिंतीकडे दाखवले. काका ताडमाड; त्यांनी आपल्या उंचीच्या हिशेबाने भोक पाडले, खुंटी बसवली आणि कपाळावरचा घाम पुसून गेले. दार लागल्यावर मायलेकी हसून हसून खाली बसल्या. मग आईचे हसू आधी थांबले.

"खरं का नाही सांगता आलं गं मला?" ती म्हणाली. "चालायला शिकतेय. एवढंच तर आहे. पण या वयात..."

 ती खुंटी इतकी उंच होती, की आम्हाला पायांत घातल्याशिवाय आईचा हात तिथवर पोचत नसे. तोच तिचा धडा झाला. कामावरून आले, की आमच्यासकट पॅसेज चालून जायचा, पर्स खुंटीला अडकवायची आणि मगच आम्हाला उतरवायचे.

तरीही पाय ऐकत नव्हते. अशातच एकदा कंटाळून ती डोळे मिटून उभी राहिली आणि सवयीने पुटपुटली, "कृपया थांबा, जोडून देते." आणि नकळत एक पाऊल पडले. 'जोडून' म्हणताना टाच टेकली, 'देते' म्हणताना चवडा. तिने पुन्हा म्हटले. पुन्हा पाऊल पडले, आणि डगमगले नाही. तोंडाची इतक्या वर्षांची सवय पायांत उतरली होती. ती ते शब्द म्हणत म्हणत पॅसेजच्या टोकापर्यंत आली, आणि लेक या खेपेस हसली नाही. मलाही त्या दिवशी कळले, की कारागीर चुकला होता. मी चालायच्या कामाचा होतो.

आम्ही पायांत असताना ती पहिल्यांदा काउंटरमागे उभी राहिली, तेव्हा समोरच्या पाहुण्याने तिच्या आधी "नमस्कार" म्हटले. आनंदाने माणसाला स्वर्ग दोन बोटे उरतो म्हणतात. तिला तेवढाही उरला नसावा, कारण चार बोटे आम्हीच भरून काढली होती.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. मॅनेजर लॉबीतच उभा होता. लिफ्टमधून एक थकलेल्या आजी बाहेर येत होत्या, म्हणून आई त्यांना हात द्यायला गेली. लिफ्टच्या दारापाशी दार सरकण्यासाठी एक बारीक खाच असते. उजव्याची टाच नेमकी त्या खाचेत गेली. आईने पाऊल उचलले आणि काट्‌कन आवाज झाला. टाच तिथेच राहिली. आजींना धरून आई दोन पावले पुढे आली, ती खाली-वर, खाली-वर अशी लंगडत.

त्याच वेळी समोरच्या दारातून लेक आत आली होती. घराची किल्ली विसरली म्हणून ती आईकडे मागायला आली होती, आणि बरोबर तिच्या दोन मैत्रिणी होत्या.

"ए, त्या बाईला बघ," एक मैत्रीण म्हणाली. "बदकासारखी चालतेय!"

दुसरी फिसकन हसली.  लेक हळूच बाजूच्या खांबाआड सरकली.

आईने ते पाहिले. मित्रांनो, मी पायात होतो. पायाला जे कळते ते मला कळते. तिचा पाय क्षणभर दगडासारखा जड झाला. मग तिने उजवी टाच उचलली. खाली टाच नसताना, नुसत्या चवड्याच्या बळावर तिने ती चार बोटे हवेत तोलून धरली. पोटरीची शीर न् शीर ताणली गेली. आजींना तिने सोफ्यावर बसवले आणि ती सरळ त्या खांबाकडे निघाली. मान ताठ, पावले लहान, चेहऱ्यावर हसू. बघणाऱ्याला वाटावे, दोन्ही टाचा शाबूत आहेत. तिचे ओठ हलत नव्हते, पण पावलांचा ठेका मला ओळखीचा होता.

ती लेकीसमोर थांबली.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी आपली काय मदत करू?"

आपली! जिला जन्मापासून अगं-तुगं केले, तिला आई 'आपण' म्हणत होती.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "किल्ली," ती कशीबशी म्हणाली.

"जरूर. आपण बसा ना. कृपया थांबा."

ती तशीच काउंटरपर्यंत चालत गेली, पर्समधली किल्ली घेऊन तशीच परत आली आणि दोन्ही हातांनी ती लेकीला दिली.

"किती गोड बोलते ना ती बाई!" बाहेर पडताना मैत्रीण म्हणाली.

"हो," लेक म्हणाली. एवढेच.

उजवा त्या दिवसापासून गप्प झाला. त्याला वाटते, सारे आपल्यामुळे झाले. आपली टाच मोडली नसती तर आई लंगडली नसती, आणि लेकीला खांब दिसलाही नसता.

ड्यूटी संपताना लिफ्टवाल्याने रुमालात गुंडाळलेले काहीतरी गुपचूप पुढे केले. "ताई, तुमची टाच." ती लंगडती दोन पावले मॅनेजरच्या नजरेतून मात्र सुटली होती. तो म्हणाला, "आज तुमच्या चालण्याला खरा डौल आला. असंच चालू द्या. उद्यापासून तुम्ही कायम इथेच." ज्या दिवशी टाच मोडली, त्याच दिवशी आमची तारीफ झाली.

घरी आल्यावर आईने भिंतीला धरून आम्हाला उतरवले. चवडा लालबुंद सुजला होता, पोटरीत गोळे आले होते. लेक पॅसेजमध्ये उभी होती.

"काय," आई म्हणाली, "आमच्या हॉटेलची सेवा पसंत पडली ना आपल्याला?"

थट्टाच केली तिने.  लेकीने टबात कोमट पाणी आणले, आईचे पाय त्यात सोडले आणि पाणी गार होईपर्यंत ती समोर बसून राहिली. वर मात्र पाहिले नाही.

उजव्याला नवी टाच बसली. तिचा काळा रंग थोडा वेगळा आहे. नीट पाहिले तर कळते. पुढे आई निवृत्त होईपर्यंत आम्ही तिची चाकरी केली. मग लेकीने आम्हाला पट्ट्यांनी बांधून त्याच खुंटीला अडकवले. तिचा हात सहज पोचे. आमच्यावर धूळ बसली, कातडे तडकले, आणि कोणाला आमची आठवण राहिली नाही. त्याचे आम्हाला वाईट वाटले नाही. ज्यांना लाज वाटते, त्यांना अंधारे कोपरे सोसतात.

मग आई आजारी पडली. तिची खाट खुंटीवरून दिसायची. लेक आता चाळिशीची झाली होती. तीच सारे करी. एका दुपारी पाण्याचा पेला घेऊन ती खाटेपाशी गेली आणि आईला हसवावे म्हणून म्हणाली, "नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

आई हसली नाही. "मला आपण म्हणू नकोस गं. परकं वाटतं."

लेकीने पेला खाली ठेवला. ती म्हणाली, "मग तू मला का म्हणालीस तेव्हा?"

"मैत्रिणी होत्या ना तुझ्या," आई म्हणाली. "पंचाईत झाली असती तुझी."

त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही.

परवा संध्याकाळी लेकीने आम्हाला खुंटीवरून काढले. मऊ फडक्याने पुसले, उजव्याच्या टाचेवरून बोट फिरवले. मग आम्हाला जमिनीवर ठेवून पाय घालून पाहिला. पाय मोठा, चवडाच काय तो आत गेला, टाच बाहेर अधांतरी राहिली. तशीच, भिंतीला धरून, ती एकेक पाऊल टाकू लागली. ठक. ठक. "कृपया थांबा," ती म्हणाली. पुढचे शब्द तिला उच्चारता आले नाहीत.

दार उघडेच होते. खालचे काका काठी टेकत, धापा टाकत वर आले होते. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिले, खुंटीकडे पाहिले.

"ठोक, पोरी," ते म्हणाले. "हवे तेवढे खिळे ठोक."

आणि ते परत खाली गेले.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या जोड्यांना अधूनमधून फडक्याने पुसा, सावलीत ठेवा, कातडे टिकते. पण आमचे जाऊ द्या. तुमचे माणूस भर लोकांत लंगडत तुमच्याकडे येत असेल, तेव्हा खांबाआड जाऊ नका. चार पावले पुढे व्हा. सगळ्यांच्या देखत त्याला तुम्हाला 'तू' म्हणता आले पाहिजे.