निरोगी माणसाचा आकडा

प्रयोगशाळेत सगळे त्यांना 'पंजासाहेब' म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. स्नायू झिजण्याच्या आजारावर साहेबांनी औषध शोधलं होतं, आणि दर गुरुवारी पाच-सहा रोगी येऊन हाताची पकड मोजणारं यंत्र दाबून जात. रोग्याचा आकडा निरोगी माणसाच्या आकड्याशी ताडून पाहायचा, अशी रीत. पण निरोगी माणसं आणायची तर अर्ज करा, मंजुरी घ्या, समितीची मनधरणी करा. साहेबांनी पहिल्याच दिवशी बाही वर सारली. "माणसं कशाला? मी आहे ना!" कॉलेजात पंजा लढवण्यात आपल्याला कुणी हरवलं नाही, हे ते रोग्यांनाही ऐकवत. बिचारे ऐकून घेत; उठून जायचं तर त्यांना वेळ लागे.

तीन वर्षांत औषधाने कमाल केली. निरोगी माणसाच्या पंचवीस टक्के असलेली रोग्यांची ताकद चाळीस टक्क्यांवर गेली. आलेख चढला आणि साहेबही हरभऱ्याच्या झाडावर चढले. मोठ्या परिषदेचं बोलावणं आलं, नवा कोट शिवून झाला. रोग्यांपैकी एक शिंपीकाका तेवढे दर वेळी म्हणत, "साहेब, मला अजून कात्री चालवता येत नाही हो." साहेब त्यांना आलेख दाखवत. आलेख पाहूनही कात्री चालत नसेल, तर त्याला साहेब काय करणार?

घरी मात्र जग बिघडत चाललं होतं. कारखानेवाले हल्ली बरण्यांची झाकणं फारच घट्ट बसवत. जिन्याच्या पायऱ्या वीस वर्षांनी अचानक उंच झाल्या होत्या. नव्या कोटाच्या बटणांची काजं लहान होती.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको म्हणाली आणि बरणी घेऊन एका झटक्यात उघडली. "अहो, एकदा कुणाला तरी दाखवून घ्या."

"कुणाला दाखवू? या विषयात माझ्या वर आहे कोण?"

"तोच तर घोळ आहे," ती म्हणाली.

परिषदेला आठ दिवस उरले होते. आकड्यांची वही सांभाळणाऱ्या तंत्रज्ञ बाई केबिनमध्ये आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"सर, टक्के बाजूला ठेवा. नुसते किलो बघा."

शिंपीकाका तीन वर्षांपूर्वी अकरा किलो, आजही अकरा. बाकीचेही होते तिथेच. 'निरोगी' या रकान्यात मात्र आधी चव्वेचाळीस, मग एकोणचाळीस, तेहतीस, आणि आता साडेसत्तावीस.

"यंत्र बिघडलंय," साहेब म्हणाले.

बाईंनी यंत्र दाबलं. चोवीस. "रोज सकाळी ते तपासायला मीच दाबते, सर. तीन वर्षं माझे चोवीसच येतात."

साहेबांनी यंत्र ओढून घेतलं आणि दातओठ खाऊन दाबलं. सव्वीस. पुन्हा दाबलं. बावीस.

"रोगी वर गेले नाहीत, सर," बाई हळूच म्हणाल्या. "निरोगी माणूस खाली आला."

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. तरी खोड जाते थोडीच! पहिला विचार आला तो हाच, की आपण असेच झिजत राहिलो तर औषध शंभर टक्के गुणकारी ठरेल. मग स्वतःच्याच विचाराची त्यांना भीती वाटली. साधी, लहान मुलासारखी भीती. त्यांनी पेन मागितलं आणि 'निरोगी' हा शब्द खोडला. रेघ वाकडी आली. परिषदेला नकार कळवायचं पत्र त्यांनी बाईंना सांगून लिहवून घेतलं.

परिषदेच्या दिवशी, म्हणजे पुढच्या गुरुवारी, साहेब तपासणीच्या बाकापाशी आले. कोट शिवून झालाच होता म्हणून घातला होता, पण पुढून उघडाच होता. शिंपीकाकांनी सरकून जागा दिली. त्यांची नजर कोटावर गेली.

"बटणं काढून टाका, साहेब. आतून वेलक्रोची पट्टी लावायची, नुसतं दाबलं की झालं. सुनेला सांगतो, ती देईल लावून."

"असं चालतं?"

"मी तीन वर्षं तेच घालून इथे येतोय की."

साहेबांनी काकांच्या शर्टाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याला एकही बटण नव्हतं.