आप्पांची फियाट आन् पुढची सीट

मी अयुब मिस्त्री. वरवंडात हायवेला माझं गॅरेज हाय आन् त्यावर बोर्ड हाय, ‘जुन्या गाड्यांचे डॉक्टर’. नव्या गाड्यांना मी हात लावत न्हाई. बॉनेट उघडलं की नुसतं प्लास्टिकचं झाकण. त्याला काय डोंबल दुरुस्त करायचं!

मागल्या महिन्यात सकाळी मांडवगण फराट्याहून रखमाजी आप्पांचा फोन आला. “अयुब, फियाट चालू व्हईना. बाराला निमोण्यात पोचायचंय, प्रगतीची सुपारी फोडायचीय. आसशील तसा ये.” प्रगती त्यांची नात. मी जीप काढली, भीमा ओलांडली आन् दहाच्या आत दारात हजर झालो.

ही फियाट आप्पांनी शेवटची मेंढरं विकून घेतलेली. तवापास्नं तिला माझ्याशिवाय कुणाचा पाना लागला न्हाई. पुढच्या सीटवर आप्पांचा मेव्हणा शंभूमामा फेटा बांधून आधीच बसला व्हता. मेव्हण्याचा मान पुढं, बायका मागं, ही त्या घरची रीत. मी सेल्फ मारला. खुर्र, खुर्र, खुर्र. इंजिन झ्याक फिरत व्हतं, पण उचलत न्हवतं.

शंभूमामा बसल्या जागेवरनं म्हणला, “मिस्त्री, घाला हिला भंगारात. मी बोलेरो बोलावतो.”

माझं डोस्कं फिरलं. म्या म्हणलं, “मामा, अकराच्या आत गाडी चालू न्हाई केली, तर वरवंडातला बोर्ड उतरवीन आन् शेळ्या राखीन!”

“शेळ्या राखणं सोपं वाटलं व्हय रं तुला?” आप्पा म्हणले. सगळं आंगण हसलं. पण मी बोलून बसलो व्हतो, आन् मामानं लगीच घड्याळ बघितलं.

आधी पेट्रोल बघितलं. पाइप काढला तर पंप मस्त पिचकाऱ्या मारत व्हता. मग प्लग काढून इंजिनाला टेकवला, आप्पांना सेल्फ मारायला लावला. ठिणगी न्हाई. कॉइलची वायर काढून बघितली, तिथं निळी ठिणगी तडतड उडाली. म्हंजी करंट निघतोय, पण प्लगापर्यंत पोचत न्हाई. मधी ऱ्हातो तो करंट वाटणारा डबा. त्याच्या दोन क्लिपा वर केल्या, झाकण उचललं आन् मी थंडच पडलो. आत रोटरच न्हाई!

रोटर म्हंजी लिंबाएवढं बटण. ते डब्यात फिरत फिरत चारी प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटतं. ते नसलं तर दिवसभर सेल्फ मारा, गाडी चालू व्हणार न्हाई. आन् रोटर काय आपल्या पायानं चालत जात न्हाई.

ते काढता येणारं माणूस त्या घरात एकच. पंचवीस वर्षांमागं हाच शंभूमामा न विचारता गाडी घेऊन जत्रंला पळायचा. तवा मीच आप्पांच्या मालकिणीला, बानूवैनींना शिकवलं व्हतं, दोन क्लिपा वर करायच्या, बटण काढायचं आन् पान-सुपारीच्या चंचीत टाकायचं. आप्पांना त्याचा पत्ता न्हाई.

मी मान वर केली. वैनी ओट्यावर बसून सुपारी चघळत व्हत्या. नवं लुगडं, कमरंला चंची, आन् नजर सरळ माझ्याकडं.

पाणी प्यायच्या निमित्तानं मी ओट्यापाशी गेलो. “वैनी, हे काय आक्रीत?”

“एक्केचाळीस वर्षं मागं बसले, भावजी,” त्या हळूच म्हणल्या. “कवा मांडीवर करडू, कवा कांद्याचं पोतं. समोरच्या काचंतनं रस्ता कसा दिसतो, मला ठावं न्हाई.”

“मग आप्पांना सांगायचं की!”

“सांगितलं. हसले.” त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मला लई वाईट वाटलं.

माझ्या पेटीत एक जुना रोटर पडून व्हता. दोन मिनटाचं काम, बोर्ड शाबूत. पेटी उघडली, रोटर बघितला आन् खटकन पेटी लावून टाकली. अकराला दहा कमी व्हते.

“आप्पा, फॉल्ट गावला!” मी वरडलो. “लोडचा फॉल्ट हाय. मामांच्या वजनानं गाडी डावीकडं दबतीया आन् करंट जमिनीत उतरतोय. पुढं हलकं माणूस पायजे.”

“मग सूनबाईला बसवू.”

“छ्या! गाडीच्या वयाचं लागतं. जुन्याला जुनं.”

वैनींनी माझ्याकडं असं बघितलं की बास. पण उठल्या. आप्पा मामाकडं बघायला लागले, मामा घड्याळाकडं. शेवटी मामा फेटा सावरत, पुटपुटत मागं लाडवांच्या पाटीशेजारी जाऊन बसला. वैनी पुढं बसल्या. बसता बसता “घ्या भावजी, सुपारी,” म्हणून माझ्या मुठीत रोटर दिला. मी बॉनेटात वाकलो, बटण बसवलं, क्लिपा दाबल्या. “मारा सेल्फ!”

पहिल्याच झटक्याला गाडी बोलली. मामा आ वासून बघत ऱ्हायला. फियाट येशीबाहेर पडली तवा वैनी समोरच्या काचंला नाक लावून बसल्या व्हत्या.

आता मांडवगणात ज्याची जुनी गाडी अडंल तो आधी बायकोला पुढं बसवतो. मी कुणाला काय सांगत न्हाई.

घरी येऊन रशिदाला, माझ्या बायकोला, सगळं रंगवून सांगितलं. ती पोट धरून हसली. मग भाकरी थापता थापता तिनं इचारलं,

“बानूबाईंना ते बटण काढायला तुम्हीच शिकवलं?”

“व्हय. मीच!” मी छाती फुगवली.

“मग मला का न्हाई शिकवलं?”

जीपच्या पुढच्या सीटवर तीस वर्षं माझी पान्यांची पेटी बसतीया, आन् रशिदा मागं. भाकरी तशीच ठेवून मी बाहेर गेलो आन् पेटी उचलून मागं टाकली.