बावीस नंबरची हजेरी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची कंपासपेटी आहे. कोपऱ्यांवरचा माझा निळा रंग उडालाय, आणि आतलं कर्कटक कधीच हरवलं. पण माझं झाकण अजून घट्ट बसतं. बसताना टक् असा आवाज होतो.

एका कारखान्यात पत्रा कापून, दाबून मला घडवलं. कन्नड गावच्या आठवडी बाजारात अपेक्षा नावाच्या मुलीनं मला हट्टानं घेतलं आणि दहावीपर्यंत जपलं. लग्न होऊन ती पडेगावला आली, तेव्हा तिच्या पेटीतून मीही आले. मग बरीच वर्षं माझ्यात नुसत्या सुया आणि बटणं होती. यंदा तिनं मला पुसलं, बिजागरीला खोबरेल लावलं आणि लेकीच्या दप्तरात ठेवलं.

लेकीचं नाव संस्कृती. वय आठ. घरात ती चिमणीसारखी बडबडते, पण उंबऱ्याबाहेर तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. ती हट्टी नाही बरं का. गळ्यात काहीतरी अडकतं, एवढंच. दोन शाळांनी तिला नको म्हटलं. तिसऱ्या शाळेच्या मोठ्या बाई अपेक्षाला म्हणाल्या, "महिनाभर बघू. वर्गात टिकली तर नाव ठेवू. नाहीतर दुसरीकडं बघा."

पहिल्या दिवशी वर्गाच्या गीताबाईंनी हजेरी घेतली. "बावीस!" संस्कृतीचा नंबर. घाबरून तिनं माझं झाकण दाबलं. टक्!

गीताबाईंनी मान वर केली. "आलीस व्हय? बरं, टक् म्हणजे हजर."

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाचा तरी आवाज झाले.

तीन आठवडे सुखाचे गेले. मग गीताबाईंचा पाय मोडला आणि त्यांच्या जागी शिवराज सर आले. माणूस वाईट नव्हता. सोमवारी माझं टक् ऐकून ते थबकले. "डबा कोण वाजवतंय?"

"सर, ती तिची हजेरी हाये," शेजारची लुबना म्हणाली.

"ज्याची हजेरी त्यानं द्यायची. सगळे तिचे लाड करत राहिले, तर ती बोलणार कधी? तोंड उघडेल तेव्हाच हजेरी लागेल." असं म्हणून त्यांनी तिची गैरहजेरी मांडली आणि मला टेबलाच्या खणात टाकलं.

खणात अंधार होता आणि खडूची भुकटी. रोज सकाळी माझ्या डोक्यावर हजेरीपट आदळायचा. "बावीस?" मग शांतता. मी आतून जीव तोडून म्हणायची, बोल बाई, एकदा बोल. मग पेन खरखरायचं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. पोर रोज समोर बसलेली, आणि कागदावर रोज गैरहजर.

शनिवारी महिना भरत होता. मोठ्या बाई हजेरीपट बघायला येणार होत्या. त्या सकाळी खणाला बारीकशी फट राहिली होती. दारात अपेक्षा उभी दिसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"बावीस?"

शांतता. पेन खरखरलं.

"तेवीस?"

तेवीस नंबर लुबनाचा. तीही गप्प.

"लुबना, समोर बसून गप्प का? बोल की."

"ती पण समोरच बसलीय, सर."

"आगाऊपणा करू नको."

"मग लावा माझी पण गैरहजेरी."

मागून प्रणय ओरडला, "सर, गैरहजर पोरगी लई बोलतीये!" वर्ग खदखदला. सर हसले नाहीत. पेन हवेतच राहिलं. तेवढ्यात मोठ्या बाई अपेक्षाच्या बाजूनं आत आल्या आणि त्यांनी हजेरीपटासाठी हात पुढं केला.

सरांनी तो दिला नाही. खण उघडला, मला उचललं आणि संस्कृतीच्या बाकावर ठेवलं. "बावीस?"

तिचा अंगठा माझ्या झाकणावर आला. लुबना कुजबुजली, "वाजव ना गं!" पण सगळा वर्ग बघत होता, आणि अंगठा नुसता ठेवलेलाच राहिला. मी मनात म्हटलं, झालं. संपलं.

सर बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. मग खाली वाकून त्यांनी आजची गैरहजेरी खोडली आणि हजेरी मांडली.

"बोलली कुठं ती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बसलीय ना. दिसतंय मला." मग त्यांनी सोमवार ते शुक्रवारच्या पाचही नोंदी लाल शाईनं खोडल्या, प्रत्येकीशेजारी सही केली आणि हजेरीपट पुढं केला. "ही खाडाखोड माझी आहे, बाई. पोरगी एक दिवस चुकलेली नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा पुसला आणि पानं उलटली. मग दारातल्या अपेक्षाकडं वळून म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर पाठवा. डबा जरा जास्त द्या, वाळलीय पोर."

मित्रांनो, मी पत्र्याची. आज ना उद्या गंजणार. मला जपा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या बाकावर कुणी न बोलणारं, हळू लिहिणारं, सारखं हलणारं मूल असेल, आणि त्यानं काही घट्ट धरून ठेवलं असेल, तर ते ओढून घेण्याआधी एकदा विचारा, हे कशासाठी आहे? आणि उत्तर आलं नाही, तरी तिथून हलू नका. थोडं थांबा.