शिकंज्यातली सही

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही एका सुताराच्या कारखान्यात उभे आहात. पायाखाली भुसा आहे आणि टेबलाच्या कडेला लोखंडी शिकंजा. त्याचा दांडा फिरवला की दोन जबडे जवळ येतात आणि मधली फळी जागची हलत नाही. आता त्या जबड्यांत फळीऐवजी तुमच्या बाबांचा डावा हात आहे.

मुंगीला ही कल्पना करावी लागली नाही. ती तिथेच होती. काकाच्या ड्रायव्हरने तिची वेणी मनगटाला गुंडाळून धरली होती, आणि दांडा तिचा सख्खा काका फिरवत होता.

"दादा, सही कर की," काका म्हणाला. "उजवा हात मोकळाच ठेवलाय तुझा. कुठला धाकटा भाऊ एवढी काळजी घेतो?"

"पोरीला बाहेर जाऊ दे."

"बघू दे तिलाही. व्यवहार शिकेल."

दांडा आणखी फिरला. काहीतरी कडकन मोडलं. मुंगीला वाटलं, लाकूडच. मग बाबा ओरडले. तसं ओरडणं तिने कधी ऐकलं नव्हतं. ती ड्रायव्हरच्या हाताला कडकडून चावली. त्याने तिचं डोकं फळ्यांवर आपटलं. ते पाहून मात्र बाबांनी सही केली. कारखाना राजीखुशीने धाकट्या भावाला दिला, असं त्या कागदावर लिहिलं होतं.

काकाने शिकंजा सैल केला आणि बाबांचा खांदा थोपटला. "तोंड उघडलंस तर पुढची पाळी हिच्या हाताची."

दवाखान्यात ताई कॉलेजातून थेट आली. ती वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होती. मुंगीने तिला सगळं सांगून टाकलं. बाबांनी पडद्याआड जाण्याआधी दोघींना बजावलं, "लाकूड घसरलं, हात सापडला. एवढंच सांगायचं."

बाकावर बसल्यावर मुंगीने विचारलं, "ताई, कारखाना गेला का गं आपला?"

"जबरदस्तीची सही मोडता येते. करार दोघांच्या मर्जीने व्हावा लागतो."

"मग झालं तर!"

"नाही ना झालं." ताईने पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं. करारांचा कायदा ताईच्या वर्गाला खटल्यांतून शिकवत. सारखे दिसणारे दोन खटले शेजारी ठेवायचे आणि निकाल कशामुळे फिरला ते हुडकायचं. "हे ऐक. एका गिरणीवाल्याच्या गळ्याला सुरी लावून सही घेतली. तो जिंकला. एका होडीवाल्याला बांधून मारलं आणि सही घेतली. तो हरला."

"त्याला कमी मारलं होतं?"

"दात पाडले होते त्याचे."

"मग न्यायाधीश बावळट होता!"

"आमच्या सरांपुढे असं म्हण, वर्गाबाहेर काढतील. दोघांत वेगळं काय, ते शोध."

मुंगी कपाळावरचं टेंगूळ चाचपत बसली. मग म्हणाली, "सुटल्यावर काय केलं त्यांनी?"

ताई तिच्याकडे बघतच राहिली. "गिरणीवाला सुटला तो थेट चौकात धावला. भेटेल त्याला सांगत सुटला. होडीवाला वर्षभर गप्प बसला. कोर्ट म्हणालं, धोका टळल्यावरही हरकत घेतली नाहीस, म्हणजे सौदा तुला मान्य होता."

"पण तो घाबरला असेल ना!"

"हो गं." ताईने पुस्तक मिटलं. "मीही घाबरलेय. तुला काही झालं म्हणजे?"

तेवढ्यात पडद्याआडून डॉक्टरबाईंचा आवाज आला. "कसं झालं हे?"

"लाकूड घसरलं."

"चारही बोटं एका रेषेत मोडलीत. लाकूड फारच शिस्तीचं दिसतंय तुमचं."

"लाकूडच होतं," बाबा म्हणाले.

मुंगी उठली. ताईने तिचा फ्रॉक पकडला, मग सोडून दिला. मुंगीने पडदा पार टोकापर्यंत सरकवला. बाबा मान हलवून तिला नको नको म्हणत होते. तिने त्यांचा धड हात घट्ट धरला, आणि बाकांवरच्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "माझ्या काकाने मोडली ती बोटं. सही करून घ्यायला. मी बघितलंय."