माझ्या अंगावरचा टॅग

मी पिसांची दुलई बोलतेय. आधी तो हात बाजूला घ्या. चिमटीत धरून बघणाऱ्यांवर माझा भरवसा नाही. दुकानात येणारा-जाणारा मला दाबायचा आणि "आत काय भरलंय कोण जाणे" म्हणत पुढे जायचा. आत बदकांच्या पोटाखालची मऊ पिसं आहेत. पटत नसेल तर राहू द्या.

फळीवर आम्ही तिघी बहिणी होतो. एक कमी उबेची, एक कडाक्याच्या थंडीची आणि मी मधली. मधलीला सहसा कोणी विचारत नाही, म्हणून एक बाई थेट माझ्यापाशी थांबल्या तेव्हा मला संशयच आला.

"कोणासाठी हवीय?" दुकानातल्या ताईंनी विचारलं.

"सासूबाईंसाठी. पाय बर्फासारखे गार, डोकं मात्र सदा तापलेलं."

"मग मधलीच न्या."

घरी सासूबाईंनी मला एका हातावर तोललं आणि नाक मुरडलं. "अगं, हिला वजनच नाही. फसवलं तुला."

"आई, पिसं हलकीच असतात. वापरून तर बघा."

"बघते. पण टॅग काढू नकोस. परत करावी लागेल."

सुनेचा चेहरा उतरला. तिने हौसेने आणलेले निळे पडदे असेच परत गेले होते, कढईही गेली होती. आता माझी पाळी होती.

सासूबाईंनी माझ्यावर आपलं जुनं, जाडजूड ब्लँकेट पसरलं. आता मी फुगणार कशी? पिसं फुगली की त्यांच्यात हवा अडकते आणि हवा अडकली की ऊब येते. त्या ओझ्याखाली मी पार चपटी झाले. "पाय गारच," त्या रोज सकाळी समाधानाने सांगत. मला तर वाटतं, त्यांना ऊब नको होती, पुरावा हवा होता.

मग एके दिवशी सुनेने ब्लँकेट धुवून दोरीवर टाकलं. दुपारी आडवं होताना पांघरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून सासूबाई नाइलाजाने माझ्यात शिरल्या. मी जीव खाऊन फुगले. सून चहा घेऊन आली तेव्हा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर घाम होता.

"चहाने आलाय तो," सासूबाई म्हणाल्या. चहा अजून ट्रेमध्येच होता.

संध्याकाळी ब्लँकेट वाळून आलं. "अजून दमट लागतंय," म्हणत सासूबाईंनी ते कपाटात कोंबलं आणि खणातून कात्री काढली. मी म्हटलं, संपलं, आता ही बाई मला उसवून आतलं बघणार. तेवढ्यात कच्कन आवाज झाला आणि टॅग खाली पडला.

सुनेने तो उचलला. "आई, आता दुकानवाले परत नाही घेणार."

"टोचत होता मेला." मग माझी घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "ते तुझे निळे पडदे अजून मिळतात का गं त्या दुकानात?"

सून हो म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली.

आता मी रोज त्या बर्फासारख्या पायांवर असते. पायही गरम असतात. तरी ती कात्री अजून उशाशीच आहे, म्हणून मी जरा जपूनच झोपते. तुम्ही माझ्या बहिणींपैकी कोणाला घरी नेलंत, तर एवढंच करा. वर काही टाकू नका, आणि तो टॅग आपल्या हाताने कापा.