सूर्यचुलीला कळलेली मंदी

मी एक जुनी सूर्यचूल आहे. साताऱ्यातल्या एका घराच्या गच्चीवर राहते. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलंही नसेल. पत्र्याची चौकोनी पेटी, आतून काळी, वर काच आणि झाकणाला आरसा, एवढीच मी. आरसा सूर्याकडे वळवला की ऊन माझ्या पोटात उतरतं आणि बाहेर पडायची वाट विसरतं. त्यावरच डाळ-भात शिजतो. विस्तव नाही, धूर नाही.

माझा जन्म पलूसजवळच्या एका लहानशा शेडमध्ये झाला. गुंडा नावाचे सुभेदार फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मला सांगलीच्या प्रदर्शनात पाहिलं आणि एसटीच्या टपावर बांधून साताऱ्याला आणलं. घरात त्यांना सगळे आबा म्हणतात. पहिल्या दिवशी अख्खी गल्ली गच्चीवर जमली. "आवं, उन्हात भात शिजतोय व्हय?" म्हणत शेजारच्या शालूबाई सारख्या झाकण उघडून बघायच्या, त्यामुळे आतली ऊब निसटून दुपार टळली. पण भात शिजला, आणि माझं फार कौतुक झालं.

पुढे आबांचा मुलगा पृथ्वीराज गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला. पूजा सून म्हणून आली. सकाळच्या घाईत मी काय कामाची? फोन केला की जेवण दारात यायचं. मी पाण्याच्या टाकीखाली गेले आणि माझ्या पोटात कपड्यांचे चिमटे राहू लागले. तरी मला उत्सुकता भारी. जिन्याचं दार उघडं असलं की मी खालचं बोलणं ऐकत बसायचे.

एक दिवस शब्द ऐकला, "मंदी आलीय." मला वाटलं, कुणी पाहुणी आली असेल. पण जिन्यावर नवं पाऊल काही वाजलं नाही. उलट घरातूनच एकेक गोष्ट जाऊ लागली. आधी रविवारचं हॉटेल गेलं. मग मोटार दारातच उभी राहू लागली आणि पृथ्वीराज बसने कामाला जाऊ लागला. काही दिवस तर तो जायचाच नाही. गच्चीवर येऊन कारखान्यांच्या दिशेने नुसता बघत राहायचा. कारखान्याचं काम निम्म्यावर आलं होतं, पगारही. घरात यावर कुणी उघड बोलत नव्हतं.

त्याची मुलगी राजनंदिनी कबड्डी खेळते. जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. तेव्हाच एका सकाळी मी तिला म्हणताना ऐकलं, "आई, मला अंडं नको. वास येतो." दुसऱ्या दिवशी दूधही आवडेनासं झालं. मग ती गच्चीवर यायची आणि टाकीच्या नळाला ओंजळ लावून घटाघटा पाणी प्यायची. मला कळेना, हिला एवढी तहान कशाची लागते?

एका दुपारी सराव करून ती वाळलेले कपडे काढायला वर आली आणि एकदम मटकन खाली बसली. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. त्या क्षणाइतकं ते मला कधी सललं नव्हतं. नशीब, मागून पूजा बादली घेऊन आली.

"नंदू! अगं, सकाळपासून काय खाल्लंयस?"

पृथ्वीराज धावत वर आला. राजनंदिनी रडायला लागली. "पप्पांचा पगार कमी झालाय ना? मी कमी खाल्लं तर..."

"तुला कुणी सांगितलं हे?" पृथ्वीराजने विचारलं.

"कुणी न्हाई. तुमी पण एकच भाकरी खाता. मला दिसत न्हाई व्हय?"

तेवढ्यात धापा टाकत आबा पोचले. नातीजवळ बसून म्हणाले, "पोरी, फौजेत रसद कमी पडायची, तवा आदी बँड बंद करायचे. लंगर, म्हंजी जवानांचं सैपाकघर, कवाच न्हाई."

मग ओले कपडे बादलीतच राहिले आणि सगळे तिथंच बसून पहिल्यांदा मोकळं बोलले. "गाडी विकू या, हप्ता तरी सुटंल," पृथ्वीराज म्हणाला. पूजाने बाहेरचं जेवण आणि टीव्हीचे जादा चॅनेल बंद करायचं ठरवलं. दूध, अंडी आणि शाळा यांना हात लावायचा नाही, असं आबांनी बजावलं.

राजनंदिनीने डोळे पुसले. "आणि आबा, चिमट्याच्या पेटीला आरसा कशाला हाय?"

आबा हसले. "ती पेटी न्हवं गं. चूल हाय ती!"

दुसऱ्याच दिवशी माझी काच धुतली गेली. राजनंदिनीने माझ्यात अंडी ठेवली, शेंगा ठेवल्या. अंडी पाण्याविना शिजलेली पाहून तिने आबांना प्रश्न विचारून हैराण केलं. खरं सांगते, मी काही घर तारलं नाही. माझ्यावर भाकरी होत नाही आणि ढग आले की मी रिकामीच. एवढंच, की गॅसची टाकी थोडी जास्त पुरते. कारखाना अजून पुरता सुरू झालेला नाही. राजनंदिनीची निवड झाली, पण राखीव खेळाडू म्हणून. ती मात्र पोटभर जेवून सरावाला जाते.

मित्रांनो, घरात अडचण आली तर ती एकट्याने गिळू नका. विचारा, बोला. खर्चाला कात्री लावा, पण कुणाच्या ताटाला लावू नका. आणि माळ्यावर, टाकीखाली काय पडलंय, तेही एकदा उघडून बघा.

आता थांबते. ऊन सरकलंय आणि राजनंदिनी माझा आरसा फिरवायला जिना चढतेय. तिच्या हातात झाकलेलं पातेलं आहे. आत काय असेल बरं?